शेवटचे एकतीस मैल

लेम्पी कार्व्होनेननं नोकरीच्या चौथ्या दिवशी एका माणसाचा जबडा मोडला. तो माणूस मी होतो, आणि चूक माझीच होती.

ती दोन डब्यांच्या मधे शिरून हवेची नळी जोडत होती. बाईमाणूस या कामाला टिकते का ते बघू, म्हणून मी इंजिनाला बारीकसा हिसका दिला. गाडी चार बोटं सरकली असेल. लेम्पी बाहेर आली, कसलीही घाई न करता इंजिनापाशी आली, शिडी चढली आणि हातब्रेक आवळायला आम्ही वापरतो तो लाकडी दांडका तिनं माझ्या तोंडावर हाणला. माझे दोन दात खाली पडलेले मी पाहिले, मग मीही पडलो.

"माझा नवरा असाच गेला," ती माझ्यावर वाकून म्हणाली. "कॉर्बिनच्या यार्डात. असाच दोन डब्यांच्या मधे होता, आणि ड्रायव्हरला गंमत सुचली. डबे त्याच्या पोटातून एकमेकांना जुळले. तसाच उभा होता, शुद्धीवर, सिगारेट मागत होता. डबे सोडवले तेव्हा मेला. पुढच्या वेळी डोकं फोडीन तुझं."

सहा आठवडे माझा जबडा तारेनं बांधलेला होता आणि बायको मला नळीनं सूप पाजत होती. मालक हॉलिस ग्रेडी चौकशीला आला तेव्हा मी कागदावर लिहून दिलं की शिडीवरून घसरलो. त्यानं कागद वाचला.

"शिडीला रक्त दिसत नाही, दांडक्याला दिसतंय," तो म्हणाला. "हे बघ ओर्व्हिल, बरा झालास की याच बाईबरोबर काम करायचं. दुसरं माणूस नाही माझ्याकडे."

खरंच नव्हतं. सगळे मिळून आम्ही नऊ जण. हेमलॉक फॉल्सच्या कागद गिरणीपासून कॉर्बिन जंक्शनपर्यंत एकतीस मैल रूळ, माझ्याहून म्हातारी दोन इंजिनं आणि एक पत्र्याची शेड, एवढा आमचा पसारा. पूर्वी ही शाखा मोठ्या कंपनीची होती. त्यांना शंभर-शंभर डब्यांच्या गाड्या हव्या होत्या, आमच्याकडून दिवसाला पंधरा डबे निघायचे. त्यांनी रूळ उखडून भंगारात घालायचं ठरवलं. ग्रेडी लाकडाचा व्यापारी; रूळ गेले तर गिरणी जाईल आणि गिरणी गेली तर त्याचं लाकूड कोण घेईल, म्हणून त्यानं ते सगळं स्वतः घेतलं.

आमचं काम सांगायला सोपं. सकाळी गिरणीतून कागदाच्या रिळांनी भरलेले डबे ओढायचे, दोनच्या आत कॉर्बिनला पोचायचं आणि तिथल्या अदलाबदलीच्या रुळावर ते उभे करायचे. मोठ्या कंपनीची गाडी यायची, आमचे डबे घेऊन जायची आणि आमच्यासाठी आणलेले सोडून जायची. रिकामे डबे, चिकणमाती, स्टार्च, क्लोरीनच्या टाक्या. ती गाडी कुणासाठी थांबत नसे. आम्हाला दहा मिनिटं उशीर झाला तर आमचे डबे दोन दिवस तिथंच उन्हात उभे, आणि तिकडे टेक्सासात कुठल्यातरी छापखान्याची यंत्रं बंद. मोठ्या कंपनीची माणसं आमच्या गाडीला गवत कापायचं यंत्र म्हणायची.

"आज किती गवत कापलंत?" त्यांचा एक ड्रायव्हर लेम्पीला भेटला की विचारायचा.

"तुझ्या डोक्यावर आहे त्यापेक्षा जास्त," ती म्हणायची. तो टकला होता.

पण ती आमचं काम थट्टेवारी नेत नसे. लुइझियानाहून निघालेला डबा तीन कंपन्यांच्या हातांतून बाराशे मैल येतो, आणि गिरणीच्या दारापर्यंत त्याला ढकलायचं ते आपण. "वाटेत काही झालं तर ते म्हणतील आम्ही नीट पोचवला होता," ती म्हणायची. "कॉर्बिनला मालाची चिठ्ठी हातात पडली की तो डबा आपला. त्याच्या पोटात जे असेल तेही आपलं." म्हणून प्रत्येक चिठ्ठी ती वाचायची आणि प्रत्येक डब्याची पाटी चिठ्ठीशी ताडून बघायची. मी इंजिनातून ओरडायचो, "चल ना बाई, दोन वाजले!" ती हात वर करून मला गप्प करायची.

तिच्या बापाचं नाव हाक्काला, तो लाकूडतोड्या होता. त्यानं तिचं नाक दोनदा मोडलं होतं. एकदा दारूत आणि एकदा शुद्धीत, असं ती सांगायची. पंधराव्या वर्षी तिनं त्याला कुऱ्हाडीच्या पात्याच्या मागच्या बाजूनं खांद्यावर मारलं. त्यानंतर त्यानं तिला हात लावला नाही, तिच्याहून सात वर्षांनी धाकट्या रेइनोला मारायला लागला. म्हणून ती रेइनोला घेऊन घरातून निघाली आणि गिरणीच्या लाकूडखात्यात कामाला लागली. भाऊ तिनंच वाढवला. तो मोठा झाल्यावर त्याच गिरणीत, कागदाच्या मोठ्या यंत्रावर लागला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. शनिवारी सगळे लेम्पीच्या सौनात, वाफेच्या लाकडी खोलीत, अंग शेकायला जमायचे. रेइनो मोठ्यानं हसणारा, लवकर चिडणारा, आणि बहिणीला कुणी वाकडं बोललं की आधी हात उचलणारा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जूनमध्ये गिरणीत संप झाला.

कंपनीनं बाहेरून माणसं आणली. बसच्या खिडक्यांना जाळ्या लावून ती रोज आत जायची. संपकऱ्यांनी फाटकावर धरणं धरलं, आणि फाटकातून आत जाणाऱ्या आमच्या रुळांवरही. आम्ही गिरणीचे नोकर नव्हतो. संप आमचा नव्हता. पण त्या रुळांवर उभे असलेले सगळे आमचे शेजारी होते आणि त्यांत रेइनो पुढे होता.

ग्रेडीनं आम्हाला शेडमध्ये बोलावलं. "आपण रेल्वे आहोत. गिऱ्हाइकानं डबा भरला की तो ओढायचा, हा कायदा आहे. नाही ओढला तर गिरणी ट्रक लावील, आणि एकदा माल ट्रकवर गेला की परत रुळावर येत नाही. मग मोठी कंपनी कॉर्बिनला आपले रूळ त्यांच्या रुळांना जोडणारा सांधा काढून टाकते आणि आपण नऊ जण घरी."

"मी रेइनोच्या अंगावरून गाडी नेणार नाही," लेम्पी म्हणाली.

"नको नेऊस. तुम्ही दोघं फाटकाच्या अलीकडे उतरा. आतलं मी बघतो."

तसंच ठरलं. आम्ही फाटकाबाहेर उतरायचो, ग्रेडी स्वतः इंजिनात चढायचा आणि त्याचा मॅनेजर डबे जोडायचा. ते भरलेले डबे बाहेर आणायचे आणि आम्ही पुन्हा चढायचो. संपकरी शिव्या द्यायचे, पण बाजूला व्हायचे. दोन आठवडे हे चाललं.

मग गिरणीच्या एका पहारेकऱ्यानं फाटकावर पेक्का नावाच्या म्हाताऱ्या कामगाराच्या तोंडावर काठी मारली आणि त्याचा डोळा गेला. रक्तानं भरलेला शर्ट संपकऱ्यांनी खांबाला बांधला. त्या दिवसापासून कुणी आपणहून बाजूला होईना; शेरीफची माणसं ढकलून वाट करून द्यायची.

इंजिनावर दगड आले. मग गलोलीनं पोलादी गोळ्या आल्या. एक माझ्या कानाजवळून काच फोडून मागच्या पत्र्यात रुतली. रुळांवर खिळे ठोकलेल्या फळ्या सापडल्या. एका सकाळी इंजिनाच्या दाराला हरणाचं मुंडकं टांगलेलं होतं आणि त्याच्या तोंडात लेम्पीचा हातमोजा. ग्रेडीला तिघांनी पेट्रोल पंपावर धरलं आणि त्याच्या हाताची बोटं गाडीच्या दारात चेंगरली. पोलिसांना कुणीच काही सांगितलं नाही, ग्रेडीनंही नाही.

रेइनो एकदा लेम्पीच्या दारात आला. मी तिथंच होतो, तिची चिमणी दुरुस्त करत. तो पायरीवरच उभा राहिला.

"तू संपफोडी आहेस," तो म्हणाला.

"मी फाटकाच्या आत पाय ठेवत नाही."

"डबे बाहेर आले की नेतेस ना? तोच कागद आहे. माझ्या यंत्रावर अलाबामाचा कुणीतरी गडी उभा आहे, आणि त्यानं काढलेला कागद माझी बहीण कॉर्बिनला पोचवते."

"मी नाही पोचवला तर ट्रक पोचवील. संप संपेल तेव्हा तुला गिरणी हवी असेल ना? रुळाशिवाय गिरणी कशी चालेल, सांग."

"मला शिकवू नकोस. तू मला वाढवलंस म्हणून आजवर तुझ्यावर कुणी हात टाकला नाही. उद्यापासून मी कुणाला अडवणार नाही." तो तिच्या पायांपाशी थुंकला आणि गेला. लेम्पीनं पाणी आणून पायरी धुतली. मला म्हणाली, "चिमणीचं झालं का?"

आता ऑगस्टातला तो बुधवार सांगतो.

आदल्या दिवशी कॉर्बिनहून आम्ही क्लोरीनची भरलेली टाकी आणली होती. कागद पांढरा करायला गिरणीत क्लोरीन लागतो. नव्वद टन. गिरणीतल्या नव्या माणसांना ती टाकी उतरवून घेता येईना, म्हणून त्यांनी ती परत बाहेर ढकलली. फाटकाबाहेर चढावर आमचा एक बाजूचा रूळ होता. तिथं कागदाचे चार भरलेले डबे उभे होते, त्यांच्या पुढे उताराच्या बाजूला ग्रेडीनं ती टाकी लावली आणि पाचही हातब्रेक आवळले. त्या रुळाच्या टोकाला लोखंडी पाचर बसवलेली होती. एखादा डबा चुकून सुटलाच तर तो पाचरीवर चढायचा, रूळ सोडायचा आणि बाजूच्या खोल चरात आडवा व्हायचा, म्हणजे खाली गावाकडे सुटायचा नाही. तिथून गावापर्यंत दीड मैल सलग उतार आहे. खाली नदीचा पूल, आणि पुलापलीकडे लागलीच शाळा, चर्च, दुकानं.

दुपारी साडेतीनला मी सहा रिकामे डबे घेऊन गाव ओलांडून पुलाच्या चढाकडच्या बाजूला थांबलो होतो. रुळांवर खिळे असायचे म्हणून लेम्पी रोज पुढे चालत चढ चढायची, रूळ बघायची आणि वॉकीटॉकीवर मला वर बोलवायची. आजही ती वर गेली होती.

वर तिला तिघं दिसले. दोघं डब्यांवरून उतरून झाडीत पळत होते. तिसरा पाचरीपाशी उभा राहून वर बघत होता. तो रेइनो होता. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, हातब्रेक सोडवायला आणलेला. डबे कुरकुरत सुटले होते.

त्यांचा बेत तिला लगेच कळला. कागदाचे डबे पाचरीवर चढून चरात पडतील, रिळं चिखलात जातील, कुणाला इजा होणार नाही, आणि चार दिवस रूळ बंद. पण सगळ्यांत पुढे टाकी होती. चरात आधी ती पडणार होती, आणि मागचे चार डबे तिच्यावर; ती फुटली की विषारी वायू उतारानं थेट गावात.

ती धावली. "रेइ! पाचर काढ! पुढे क्लोरीन आहे! पाचर काढ!"

त्याला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. बहीण संप फोडायला धावत येते आहे एवढंच त्याला दिसलं असेल. तो पाचरीच्या पुढे आडवा उभा राहिला. ती त्याला ढकलून खाली वाकली, तेव्हा त्यानं दांडा दोन्ही हातांनी उचलून तिच्या बरगड्यांवर मारला. बरगड्या मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. दुसरा फटका डाव्या कानावर बसला. ती गुडघ्यांवर पडली, उठली आणि तिनं आपला दांडका त्याच्या गुडघ्यावर आडवा घातला. त्याचा पाय नको त्या बाजूला वाकला. तो ओरडून रुळावरच कोसळला.

टाकी तोवर शंभर पावलांवर आली होती. पाचरीला कुलूप होतं, किल्ली तिच्या कमरेला होती. आधी कुलूप की आधी भाऊ, एवढाच वेळ तिच्यापाशी होता. तिनं कुलूप उघडलं, पाचर उचलून रुळाबाहेर टाकली आणि मग रेइनोची कॉलर धरून त्याला ओढलं. त्याचं अंग निघालं. मोडका पाय मागे राहिला. टाकीच्या पहिल्याच चाकानं तो घोट्याच्या वर कापला.

यातलं थोडं तिनं मला सांगितलं, थोडं पुढे रेइनोनं. मला त्या वेळी फक्त वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला. दम कोंडलेला, प्रत्येक शब्दाला खोकला.

"ओर्व्ह... पाच डबे सुटलेत. पुढे टाकी. मी मागच्या डब्यावर चढले आहे. पळ... आणि झेल."

सुटलेल्या गाडीपुढे इंजिन उभं ठेवलं तर टक्कर होते. तिच्यापुढे त्याच दिशेनं पळायचं, ती मागून येऊन हळूच टेकेल एवढा वेग ठेवायचा, मग दोघांचा मिळून ब्रेक लावायचा. हे मला ठाऊक होतं, केलं कधी नव्हतं. आणि माझ्या मागे सहा रिकामे डबे होते. मला उलटं, आंधळेपणानं गावातून पळायचं होतं. वाटेत रस्त्यांची चार रेल्वे फाटकं, एकालाही दांडी नाही.

मी भोंगा दाबला तो सोडलाच नाही. गाडी मागे घेतली. पूल गेला. पहिल्या फाटकावर लोक ओरडत पळाले. दुसऱ्या फाटकावर बेकरीसमोर कुणाचीतरी निळी पिकअप रुळांवर शेपूट टेकवून उभी होती. मालक पाव घ्यायला उतरला होता. माझ्या शेवटच्या डब्यानं ती उचलली आणि पुढची दोनशे पावलं फरफटत नेली. तिचा पत्रा रस्त्यावर ठिणग्या उडवत किंचाळत होता. मी समोरच्या काचेतून चढाकडे बघत होतो.

वळणावरून टाकी आली. पांढरी, मोठी, डुलत. तिच्यामागे डबे. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्याच्या मधे शिडीवर लेम्पी होती, हातब्रेकच्या चाकात दांडका अडकवून अख्खं अंग त्याच्यावर टाकत होती. तिचे मागचे दोन ब्रेक आवळून झाले होते आणि मोडक्या बरगड्या घेऊन ती एका डब्यावरून दुसऱ्यावर आली होती. चाकांखालून धूर निघत होता. तिनं तेवढं केलं नसतं तर ते डबे पन्नास-साठच्या वेगानं आले असते. ते तीसनं आले. मी पंचवीसवर होतो.

टेकले. माझं डोकं काचेवर आदळलं, पण कपलिंग धरून बसलं. मी ब्रेक लावला. थोडा, मग आणखी थोडा. शाळेच्या पुढच्या मोकळ्या मैदानापाशी सगळं थांबलं.

मी उतरून टाकीभोवती फिरलो, वास घेत. वास नव्हता. मग लेम्पीला शिडीवरून काढायला गेलो. तिची बोटं चाकाभोवती अशी घट्ट होती की एकेक उघडावी लागली. तोंडातून लाल फेस येत होता.

"रेइनो," ती म्हणाली. "वर आहे. पाय बांध त्याचा. जा ना, गाढवा!"

रेइनो वाचला. त्यानं स्वतःच पट्टा काढून पाय बांधला होता आणि पट्ट्याचं टोक दातांत धरून ठेवलं होतं.

लेम्पी पाच आठवडे इस्पितळात होती. एक बरगडी फुप्फुसात गेली होती, डावा कान कायमचा गेला. शेरीफ आला, राजधानीतून चौकशीवाले आले. त्यांनी विचारलं, कोण होतं?

"पाठमोरे होते," ती म्हणाली.

"तुमच्या बरगड्या कुणी मोडल्या?"

"डब्यावर चढताना आपटले."

रेइनोनं दोन मजले खालच्या खाटेवरून सांगितलं, की रूळ ओलांडताना पडलो. तो तिथं काय करत होता हे त्याला कितीदा तरी विचारलं. हरणाचा माग काढत होतो, म्हणाला. ऑगस्टात, शिकारीचा हंगाम नसताना. दोघांनी एकमेकांना विचारून सांगितलेलं नव्हतं, त्या बुधवारपासून ते एकमेकांशी बोलतच नव्हते.

मोठ्या कंपनीनं दीड महिना आमचे डबे घेणं थांबवलं. पुन्हा सुरू झालं, कारण गिरणीतून कागद निघतच होता. नाताळच्या आधी संपकरी हरले. रेइनोसारख्या तीनशे जणांना गिरणीनं परत घेतलं नाही.

गावानं लेम्पीचे आभार मानले असतील असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. निम्म्या गावाला ती संपफोडीच राहिली. गावातून टाकी गेली हे त्यांनी पाहिलं होतं. पाचर तिनं काढली हेही कळलं होतं. "तिनंच गावावर सोडली," असं बायका दुकानात तिच्या तोंडावर म्हणायच्या. चरात पडली असती तर काय झालं असतं, ते त्यांना कुणी दाखवू शकत नव्हतं. चर्चमध्ये ती बसली की बाक रिकामा व्हायचा. मार्चमधल्या एका रविवारी, ती प्रार्थनेला गेलेली असताना, कुणीतरी तिचा सौना जाळला. तिनं आणि तोइवोनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, देवदाराचे ओंडके स्वतः रचून तो बांधला होता. तोइवोची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरली होती.

ती राखेत उभी राहून म्हणाली, "शेगडीचे दगड चांगले आहेत. वापरता येतील." मग खाली बसली आणि पहिल्यांदाच मी तिला रडताना पाहिलं.

चार दिवसांनी रेइनो कुबड्या घेऊन गावातल्या गुत्त्यात शिरला. ड्वेन हालोरन नावाचा माणूस तिथं आपण सौना कसा पेटवला ते मित्रांना रंगवून सांगत होता. हा ड्वेन त्या बुधवारी रेइनोबरोबर डब्यांवर चढलेल्यांपैकी एक, हे मला नंतर कळलं. रेइनोनं काही विचारलं नाही. एका कुबडीवर उभा राहिला आणि दुसरी त्याच्या तोंडावर घातली. ड्वेन पडल्यावर त्याच्यावर पडून मारत राहिला. चौघांनी त्याला ओढून काढलं तेव्हा ड्वेनचे समोरचे दात गेलेले होते आणि गालाचं हाड आत गेलेलं होतं. कुबडी मोडली होती. रेइनोला तीस दिवस तुरुंगात ठेवलं.

लेम्पीनं तुरुंगात वेलदोड्याचा गोड पाव पाठवला. मीच घेऊन गेलो. "काही निरोप?" असं मी विचारलं तर म्हणाली, "पाव आहे ना." रेइनोनं तो माझ्यासमोर उभ्या उभ्या सगळा खाल्ला, कागदाला चिकटलेली साखरसुद्धा. "काही सांगू तिला?" मी विचारलं. त्यानं नको म्हणून मान हलवली.

अकरा वर्षं असं चाललं. लाकडाचा पाय लावून रेइनो करवतीच्या कारखान्यात लागला. त्याची बायको मुलींना घेऊन डुलुथला निघून गेली. ग्रेडी म्हातारा झाला आणि त्यानं आमची रेल्वे एका कंपनीला विकली. तिच्याकडे अशा चाळीस छोट्या रेल्वे होत्या. आम्हाला नवीन टोप्या मिळाल्या, इंजिनाला नवा रंग मिळाला, डबे कॉर्बिनलाच जात राहिले. लेम्पी एका कानानं ऐकत, प्रत्येक पाटी वाचत काम करत राहिली.

नव्व्याण्णव सालच्या एप्रिलात आम्ही गाडी घेऊन खाली येत होतो. करवतीच्या कारखान्यापाशी रेइनो रुळांशेजारी उभा होता. त्यानं हात वर केला. मी लेम्पीकडे पाहिलं.

"थांबव," ती म्हणाली.

ती उतरली. मी इंजिनातच थांबलो, खिडकी उघडी होती. तिला डावीकडून ऐकू येत नसे म्हणून तो चालत जाऊन तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला. त्याला ते माहीत होतं.

"एकच विचारते," लेम्पी म्हणाली. "टाकी पुढे आहे हे तुला दिसलं होतं?"

 मला वाटलं खोटं बोलेल. मी असतो तर बोललो असतो.

"दिसली होती," तो म्हणाला. "ड्वेन म्हणाला रिकामी आहे. आदल्याच दिवशी आलेली टाकी इतक्यात रिकामी होत नाही, हे मला कळत होतं. माझ्या मुली त्या वेळी शाळेत होत्या, लेम्पी. तुझा आवाजही मला ऐकू आला होता. तू काय ओरडत होतीस ते ऐकलं, आणि तरी मारलं. का मारलं ते अजून मला सांगता येत नाही."

लेम्पीनं हातमोजे काढले. मला वाटलं आता ती त्याला हाणणार, आणि त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं डोळे मिटले आणि हात खाली सोडले. ती तशीच उभी होती. मूठ वळलेली, खांदा मागे गेलेला. मग खांदा उतरला.

"मला कुलूप आधी उघडावं लागलं," ती म्हणाली. "तुला आधी ओढलं असतं तर पाय राहिला असता. मी मोजलं होतं. मोजून मी कुलूप घेतलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी बघत होतो."

दोनच्या गाडीला आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला. मोठ्या कंपनीचा ड्रायव्हर निघून गेला होता आणि आमचे अकरा डबे शुक्रवारपर्यंत कॉर्बिनला पडून राहिले. नव्या मालकांच्या कचेरीतून फोन आला. कारण काय लिहू, असं मी तिला विचारलं.

"लिही, रुळाशेजारी माणूस होता," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघांनी मिळून नवा सौना बांधला. काम करताना भांडायचे. त्यानं ओंडका वाकडा बसवला म्हणून एकदा तिनं त्याच्यावर हातोडा फेकला, तो चुकला आणि माझ्या गाडीच्या काचेवर बसला. रेइनो दोन हजार सहा साली यकृताच्या आजारानं गेला. शेवटचे चार महिने तिच्याच घरी होता. लेम्पी आता ब्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, पण परवा मी गेलो तेव्हा परसात लाकडं फोडत होती, आणि मी कुऱ्हाड मागितली तर मला शिवी दिली.